तीन क्विंटलांचं थिएटर

प्रोजेक्टरला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, अंधार आणि लाईट. आमच्या औशात त्या आळीपाळीने येतात. लाईट असते तेव्हा भर दुपार असते, आणि पिक्चर बघण्याजोगा अंधार पडला की लाईट गेलेली असते. ही अडचण प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेली नाही. पुस्तिका लिहिणारा माणूस बहुधा अशा घरात राहतो, जिथे एक खोली रिकामी असते, तिच्या एका भिंतीवर काही म्हणजे काही टांगलेलं नसतं, आणि दार लावून घेतलं तरी बाहेरून "आत काय करलालाव ओ?" असं कुणी विचारत नाही. असं घर औशात असलंच तर ते कुलूपबंद असेल आणि मालक पुण्याला असेल.

तरीही गावात सध्या होम थिएटरची साथ आहे. मोबाईलच्या सहा इंचांत पिक्चर बघून माना आखडल्यात. धड थिएटरला जायचं तर वीसेक किलोमीटरवरचं लातूर गाठावं लागतं, आणि घरची पाच माणसं घेऊन गेलं की तिकिटांपेक्षा मध्यंतर महाग पडतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नेमकी ही बातमी आमच्या दाजींच्या वाचनात आली. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. शाळेवर गणिताचे मास्तर आहेत, घरची शेती आहे, आणि सरकारने कशावरचाही कर कमी केला की ती वस्तू न घेणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं.

"पाव्हणं, धा टक्के सोडलालेत. आता बी नाही घेतलं तर कवा घ्यायचं?"

दाजींचा हिशोब रुपयांत नसतो, सोयाबीनमध्ये असतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सोळा हजारांचा प्रोजेक्टर तीन क्विंटलांचा झाला. अर्थात हा कागदावरचा हिशोब. आडतीवरची पट्टी हातात पडते तेव्हा तोच प्रोजेक्टर आणखी काही पायल्या मागतो, म्हणून दाजी दुकानात शिरताना कायम हमीभावाच्या मनःस्थितीत शिरतात. बजेट त्यांनी अक्काच्या देखत जाहीर केलं. यंत्राला तीन क्विंटल, पडद्याला वीस किलो, त्याच्यावर एक दाणा नाही.

बजेट प्रोजेक्टरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लुमेन लिहिलेले असतात. लातूरच्या दुकानात समोर आलेल्या पहिल्याच खोक्यावर ९,००० लुमेन होते आणि किंमत होती सहा हजार. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन उजेड देतो, हे दाजींना बल्बच्या खोक्यावरून पाठ. म्हणजे जेवणाच्या डब्याएवढ्या वस्तूतून दहा बल्बांचा उजेड पडायला हवा. दुकानदाराने डबा चालू केला. समोरच्या भिंतीवर काहीतरी पुसट हललं.

"ह्ये काय हाय?"

"हिरोईन आहे सर. ट्यूब बंद केली की दिसेल."

दुकानातल्या ट्यूब बंद केल्या. हिरोईन दिसू लागली आणि गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली. शेवटी कॅल्क्युलेटर सापडेना म्हणून ट्यूब पुन्हा लावावी लागली, तेव्हा हिरोईन गेली.

त्या नऊ हजारांत मेख कुठे आहे ते सांगतो. आतल्या एलईडीपाशी जो उजेड निघतो, तो आकडा खोक्यावर छापतात. पुष्कळदा तोही नसतो, नुसती इच्छा असते. तिथून पुढे तो उजेड एलसीडीच्या काचेतून, रंगांच्या गाळणीतून आणि भिंगातून जातो, आणि वाटेतला प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. शेवटी पडद्यावर किती पोचलं, हे मोजायची रीत अमेरिकेतल्या आन्सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १९९२ साली घालून दिली. पूर्ण पांढरं चित्र पडद्यावर टाकायचं, त्याचे नऊ सारखे चौकोन धरायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. या रीतीने बघितलं तर स्वस्त डब्यातले नऊ हजार कुठेतरी दोनशेच्या आसपास येऊन टेकतात, कधी त्याच्याही खाली. पूर्ण अंधार असेल तर १०० इंचांच्या चित्राला ३०० आन्सी लुमेन म्हणजे बरं चालतं. टॉकीजचा पडदा याच्या साधारण दीडपट उजळ असतो. आणि हौसेने १०० चं चित्र १५० इंच केलं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, उजेड मात्र होता तेवढाच राहतो. दाजींनी हे सगळं दुकानदाराला पावतीच्या पाठीवर मांडून दाखवलं. दुकानदार म्हणाला, "सर, गिऱ्हाईक एवढं विचारत नाही." हे मात्र त्याचं खरं होतं. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले, काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून दाखवली, तेव्हाही कुणी दिव्याचे लुमेन विचारल्याची नोंद नाही. पण पटवर्धनांनी दिव्याच्या खोक्यावर नऊ हजारही लिहिले नव्हते.

दुसरी गंमत '४के सपोर्टेड' या शब्दांची. दुकानदाराने ते इतक्या आदराने उच्चारले की दाजी क्षणभर खुर्चीत सावरून बसले. सपोर्टेडचा अर्थ एवढाच, की तुम्ही ४के चित्र पाठवलंत तर यंत्र ते घेतं. दाखवतं मात्र आपल्या आतल्या काचेच्या कुवतीने, म्हणजे स्वस्त डब्यात १२८० बाय ७२०. आमचे दाजीही इंग्रजी सपोर्ट करतात. साहेब तपासणीला येऊन इंग्रजीत बोलले तर ते शेवटपर्यंत मान हलवून ऐकून घेतात, उत्तर मराठीत देतात. विचारायचं ते 'नेटिव्ह' रिझोल्यूशन. ते १९२० बाय १०८० असेल तर पुढचं बोलायचं, नाहीतर चहा घेऊन उठायचं.

तिसरा पर्याय दुकानदाराने हळू आवाजात सुचवला, जुना प्रोजेक्टर. लातूर हे शिकवण्यांचं गाव. तिथे वर्गावर्गात प्रोजेक्टर लागतात आणि दर थोड्या वर्षांनी बदलले जातात. हे वर्गातले प्रोजेक्टर खरोखर तीन-तीन हजार आन्सी लुमेनचे असतात, ट्यूब चालू असतानाही दिसतात आणि निम्म्या किमतीत मिळतात. माझं मत विचाराल तर दिवसा क्रिकेट बघणाऱ्याने हाच घ्यावा. पण त्यांचं चित्र बहुधा चौकोनी, १०२४ बाय ७६८ चं, त्यामुळे सिनेमा मधल्या पट्ट्यात बसतो. आणि आत असतो दिवा. मेनूत शिरून दिवा किती तास जळालाय ते बघावं लागतं, कारण तीन-चार हजार तासांनी तो निवृत्तीला येतो आणि नवा घ्यायचा तर सोयाबीनचं आणखी एक पोतं लागतं. शिवाय हा दिवा विझवल्यावर पंखा काही वेळ चालू ठेवून त्याला निववायचा असतो. लाईट अचानक गेली की पंखाही बंद, दिवा तसाच तापलेला. पुण्यात हा दिवा चार वर्षं टिकत असेल तर आमच्याकडे तो किती टिकेल, याचं गणित दाजींनी तोंडी केलं आणि एलईडीकडे वळले. एलईडीचं आयुष्य कंपन्या वीस हजार तास सांगतात. रोज तीन तास धरले तर अठरा वर्षं. त्यातून लाईट नसलेला वेळ वजा केला तर हा प्रोजेक्टर नातवंडांना जाईल, असा निष्कर्ष निघाला. शेवटी नेटिव्ह १०८०, खोक्यावर आन्सी हा शब्द स्पष्ट छापलेला आणि साडेतीनशेचा माफक आकडा असलेला डबा घेतला. आकडा लहान आहे म्हणूनच तो खरा असावा, हा दाजींचा तर्क मला पटला.

घरी आल्यावर कळलं की यंत्र निवडणं हा सोपा भाग होता.

१०० इंचांचं चित्र म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. या जातीच्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या सव्वा ते दीड पट अंतर लागतं, म्हणजे नऊ ते अकरा फूट. दाजींचा हॉल दहा बाय बारा. तेव्हा प्रोजेक्टर मागच्या भिंतीला टेकूनच बसणार हे ठरलं, आणि मागच्या भिंतीला आधीपासून गोदरेजचं कपाट टेकलेलं. कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या, गाद्यांवर लग्नातली सतरंजी. मग तो शेजारच्या खुर्चीवर तिरका ठेवला. तिरका ठेवला की चित्राची पतंग होते. ती सरळ करायला 'कीस्टोन' नावाची सोय असते, पण ती चित्राचे कोपरे कापून त्याला चौकटीत बसवते. तुम्ही १०८० चे पैसे मोजलेले असतात, त्यातले काही तिरकेपणाच्या दंडात जातात. लेव्हलबॉटल घेऊन गवंडी बोलवावा आणि प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यासमोर काटकोनात टांगावा, हा खरा उपाय. त्यासाठी अक्काला गाद्या हलवाव्या लागल्या असत्या. चित्र थोडं तिरकंच चांगलं दिसतं, असं सर्वानुमते ठरलं.

समोरच्या भिंतीवर दाजींच्या वडिलांचा, तात्यांचा, हार घातलेला फोटो. त्याच्या बाजूला दिनदर्शिका, घड्याळ आणि दत्ताची तसबीर. दिनदर्शिका मिनिटात निघाली. घड्याळ बंदच होतं. दत्त देवघरात गेले. तात्यांच्या फोटोला दाजींनी हात लावला मात्र, दारातून मोठी माय, म्हणजे दाजींच्या आई, म्हणाल्या, "त्येन्ला कामून काढलालास? त्येन्ला बी बघू दी की." विषय संपला. चित्र शंभर इंचांवरून ब्याऐंशीवर आलं आणि तात्यांच्या खाली बसलं. उजेडाच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं, कारण तेवढाच उजेड लहान चित्रात दाटला. त्यामुळे फोटोतले तात्या सध्या दोन अंशांनी जास्त प्रसन्न दिसतात.

अंधाराचा प्रश्न राहिलाच. जुनं माळवदाचं घर असतं तर तोही सुटला असता. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, खिडकीच्या नावाने एक झरोका, आणि मधल्या घरात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तूर आणि हरभरा वेगळे ओळखू येत नसत. भिंतीतली देवळी तर प्रोजेक्टरचं माप घेऊनच बांधल्यासारखी. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीला भूकंप झाला, त्या भिंती आणि माळवदाची माती माणसांच्या अंगावर आली, आणि या भागाने घर बांधायची पद्धत बदलली. बदलली ते योग्यच झालं. आता घरं हलकी, हवेशीर आणि मोठ्या खिडक्यांची आहेत. अंधारापुरतं बोलायचं तर औशाच्या किल्ल्यातल्या खोल्या सोडून गावात दुपारी बाराला गच्च काळोख मिळणार नाही, आणि किल्ला पुरातत्त्व खात्याच्या नियमांत येतो. तिथे प्लगची सोय नाही.

दाजींच्या हॉलवर पत्रा आहे. पत्रा बदलताना राहिलेली खिळ्यांची भोकं दुपारी जागी होतात. खिडक्यांना गोधड्या टांगल्या, दाराला ताडपत्री लावली, आणि पिक्चर सुरू केला तर नायकाच्या कपाळावर, गालावर आणि पुढे सरकत सरकत खलनायकाच्या पोटावर रुपयाएवढे गोल उन्हाचे ठिपके. दाजींनी ते शास्त्र म्हणून मुलांना समजावून सांगितलं. भोक कसंही वेडंवाकडं असो, खालचा ठिपका गोल पडतो, कारण ते सूर्याचं चित्र असतं. म्हणजे त्या दुपारी खोलीत दोन प्रोजेक्टर चालू होते आणि सूर्याचा जास्त लुमेनचा होता. उन्हाळ्यात आणखी एक पेच निघाला. कूलरला गार हवा द्यायची तर समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसती वाफ कोंडते. प्रोजेक्टरला तीच खिडकी बंद लागते. पारा बेचाळिसावर असताना हा वाद घरात फार वेळ चालत नाही. खिडकी उघडली गेली. तेव्हापासून खेळ रात्री आठनंतर.

आता पडदा. दुकानात ओढून खाली घ्यायचा, शाळेतल्या नकाशासारखा गुंडाळणारा पडदा मिळतो, तिवईवरचा मिळतो, बटनावर चालणाराही मिळतो. बाहेरचा उजेड खाऊन टाकणारे करडे पडदे आहेत, त्यांची किंमत ऐकली की तीन क्विंटलांचा प्रोजेक्टर फुकट वाटायला लागतो. दाजींकडे वीस किलो होते. चादर लावून पाहिली. पातळ चादरीतून निम्मा उजेड पलीकडे जातो, त्यामुळे स्वयंपाकघरातून अक्कालाही पिक्चर दिसला, पण उलटा. तिच्या बाजूने सगळे डावखुरे होते आणि पाट्या वाचता येईनात.

मग भाच्याने फ्लेक्स आणला. मराठवाड्यात फ्लेक्सची टंचाई कधीच पडत नाही. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, उद्घाटन झालं की मागे दहा बाय सहाचा टिकाऊ, धुता येणारा, चारी बाजूंना रिंगा मारलेला माल उरतो. शेतात तो हरभऱ्याच्या राशीवर झाकायला जातो. उलटी बाजू पांढरी असते, सुरकुत्या पडत नाहीत, ताणून बांधता येतो. थोडी चकाकी आहे, मधोमध उजेडाचा गोळा जाणवतो, पण वीस किलोंत याहून चांगलं काही नाही. अक्काने संक्रांतीला आलेल्या काळ्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या कापून चारी कडांना शिवल्या. काळी चौकट मिळाली की मधलं चित्र डोळ्याला जास्त उजळ वाटतं. ही युक्ती हजारो रुपयांच्या पडद्यातही हीच असते.

एकच गोष्ट आमच्या हिशोबात नव्हती. फ्लेक्स पूर्ण अपारदर्शक नसतो. पडद्यावर काळोख असेपर्यंत काही कळत नाही. पण आकाश, बर्फ, विधवेचं पातळ असं काही पांढरंशुभ्र आलं की मागची शाई पुढे उमटते. हिरो काश्मीरच्या बर्फात गाणं म्हणत असताना त्याच्या मागून हळूहळू एक भावी आमदार वर आले, कानाला मोबाईल, डोळ्यांवर गॉगल, आणि त्यांच्याखाली तीन ओळींत शुभेच्छुकांचे गोल फोटो. सगळे आपल्या गल्लीतले. लेकरांनी हिरो सोडला आणि शुभेच्छुक ओळखायला सुरुवात केली. "ओ दाजी, तुमी बी हाव की हितं, खालून दुसरे!" दाजी म्हणाले, न विचारता टाकला होता.

उद्घाटनाला मोठ्या मायने औसेकर महाराजांचं चक्रीभजन लावायला सांगितलं. ते उत्तम दिसलं, पांढरे कपडे आणि भरपूर उजेड. मग पोरांनी 'तुंबाड' लावला. २०१८ चा हा सिनेमा पाऊस, वाडा, कंदील आणि काळोख यांवर उभा आहे, आणि बजेट प्रोजेक्टरची खरी परीक्षा काळ्या रंगात असते. स्वस्त यंत्राला काळा रंग टाकता येत नाही, ते फक्त करडा टाकून थांबतं. त्या करड्या धुक्यात सिनेमातला दैत्य हस्तर शेवटपर्यंत दिसलाच नाही. त्यामुळे लेकरं अजिबात घाबरली नाहीत, आणि दाजींच्या मते ही या यंत्राची जमेची बाजू आहे.

मध्येच पडद्यावरच्या एका नटीच्या गालावरून पाल गेली. पांढऱ्या उजेडावर पाकोळ्या जमतात, पाकोळ्यांच्या मागे पाल येते, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात तिचे पायसुद्धा मोजता येतात. पावसाळ्यात दोन असतात. त्यांचा अभिनय सहज असतो.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. आतला स्पीकर असून नसल्यासारखा. जुना साउंडबॉक्स वायरीने जोडला की काम भागतं. धुळीचं मात्र मनावर घ्या. तुरीच्या खळ्याच्या दिवसांत भिंगामागे एक कण शिरला, तो काचेवर बसला, आणि तेव्हापासून प्रत्येक पिक्चरमध्ये प्रत्येक माणसाच्या डाव्या बाजूला एक तीळ आहे. ज्याचं भिंग-काच बंद डब्यात सीलबंद आहे असा प्रोजेक्टर मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजा. घरात अगरबत्ती, फोडणी आणि खळं यांतलं एक जरी असेल तर मोजाच.

खरा प्रेक्षकवर्ग जमला तो 'माहेरची साडी'ला. १९९१ चा सिनेमा, अलका कुबल यांचा चेहरा तीन-साडेतीन फूट उंच, आणि अक्काने फक्त शेजारच्या दोघींना सांगितलेलं. साडेआठला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी चुरमुऱ्यांची सुशीला करून आणली, कुणी शेंगा, कुणी आपलं रडतं लेकरू. दाजी आणि मी ओट्यावर बसलो. आतून हुंदके ऐकू आले की आम्ही कथानक कुठवर आलंय ते ओळखत होतो. मध्यंतराच्या सुमाराला लाईट गेली. बायका उठल्या नाहीत. पुढची गोष्ट मोठ्या मायने अंधारात तोंडी सांगितली, आणि लाईट आल्यावर पिक्चर जिथून पुढे चालू झाला, तिथे त्या आधीच पोचलेल्या होत्या.

त्या दिवसापासून हा प्रोजेक्टर घरचा उरला नाही. क्रिकेटची मॅच असली की गल्लीतली पोरं येऊन तो मंदिराच्या भिंतीवर लावतात. लग्नघरी नवरा-नवरीचा समुद्रकिनाऱ्यावरचा व्हिडिओ दाखवायला जातो, गणपतीत मंडळाकडे असतो, सुट्टीत दाजींच्याच शाळेत असतो. भाचा पुढच्या वर्षी बारावीला जाईल. लातूर पॅटर्नच्या शिस्तीप्रमाणे तेव्हा घरातली केबल कापली जाते, टीव्हीवर कापड पडतं, म्हणून तोवर वापरून घ्या असं अक्का सगळ्यांना सांगते, आणि सगळे तिचं ऐकतात.

तुम्हाला घ्यायचा असेल तर घेण्याआधी एकदा दाजींकडचा बघून जा. दाजी आनंदाने दाखवतील, नऊ चौकोनांचं गणितही मांडून देतील. फक्त येण्याआधी फोन करा, कारण घरी तात्यांचा फोटो आणि फ्लेक्स हमखास असतो, प्रोजेक्टरचं सांगता येत नाही.